शालेय ग्रंथालयासाठी शुभंकर : घुबड नको, तर मग कोण?

ग्रंथखिडकी | १४ जून

नमस्कार. जुन्नर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी अर्धवेळ ग्रंथपाल म्हणून काम करते. आमच्याकडे पाचवी ते दहावीचे वर्ग असून दाखल नोंदवहीत सुमारे ४,००० पुस्तके आहेत. मात्र ग्रंथालय कशासाठी असते असे मुलांना विचारले, तर पहिले उत्तर येते, 'जूनमध्ये पाठ्यपुस्तके मिळतात ती खोली', आणि दुसरे येते, 'गृहपाठ न करणाऱ्यांना बसवतात ती खोली'. शिक्षकांच्या दृष्टीने ग्रंथालयाची तासिका म्हणजे अभ्यासक्रम मागे पडला की उसनी घेण्याची तासिका. उसनी नेलेली तासिका परत मिळाल्याचे माझ्या ११ वर्षांच्या नोकरीत एकदाही घडलेले नाही.

गेल्या वर्षी १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनासाठी ग्रंथालयाला एक शुभंकर असावा असे शाळेत ठरले. हाताशी चारच दिवस होते, म्हणून तालुक्याच्या गावी फ्लेक्स छापणाऱ्याला सांगितले. त्याने संगणकावर शोधून चष्मा लावलेले आणि पदवीदानाची टोपी घातलेले एक घुबड काढून दिले, आणि आम्ही ते दारावर टांगले. पुढच्या पालकसभेला एका विद्यार्थिनीच्या आजी उंबऱ्यातच थबकल्या आणि म्हणाल्या, "बाई, दारात घुबड कशाला बसवलंय? पोरं आत यायची कशी?" त्या दिवशी संध्याकाळी शिपाईमामांनी कोणालाही न विचारता फ्लेक्सचे तोंड भिंतीकडे केले. तेव्हापासून तो तसाच आहे आणि मुले ग्रंथालयाला 'घुबडखोली' म्हणतात.

यंदा हे काम विचारपूर्वक करावे असे वाटते. शुभंकर कोणता असावा, तो मुलांनी निवडावा की शिक्षकांनी, आणि मुख्य म्हणजे दारावर टांगून झाल्यावर त्याचे पुढे काय करायचे, याविषयी अनुभवी सभासदांनी लिहावे, ही विनंती.

जुनी_जिल्द | १४ जून

ताई, आजींचे काहीच चुकलेले नाही. मॅस्कॉटला आपण मराठीत शुभंकर म्हणतो, म्हणजे शुभ करणारा, आणि आपण दारावर बसवला असा पक्षी की ज्याचा नुसता आवाज ऐकला तरी जुनी माणसे अंगणात उभी राहून त्याला हाकलतात. शब्द आणि चित्र यांचे तिथेच भांडण लागले. घुबड म्हणजे शहाणपण हे समीकरण ग्रीकांच्या अथेना देवीकडून युरोपात पसरले आणि इंग्रजी पुस्तकांतील चित्रांबरोबर आपल्याकडे येऊन पोहोचले. लक्ष्मीचे वाहन म्हणून घुबडाला मान आहे हे खरे, पण तो मान बंगालमध्ये अधिक. आपल्या गावांत घुबडाची आठवण निराळी आहे.

मला स्वतःला घुबड आवडते, हे येथे कबूल करतो. उंदरांनी कुरतडलेले बांधीव खंड ज्याने हातात घेतले आहेत, त्याला घुबडाची खरी किंमत कळते. पोर्तुगालमधील कुइंब्रा विद्यापीठाच्या जुन्या ग्रंथालयात तर वटवाघळे राहतात, कागद खाणारे किडे टिपतात, आणि त्यांच्या विष्ठेपासून वाचवण्यासाठी रात्री टेबलांवर चामडे पसरून ठेवतात. तेव्हा उपकार कोणाचे आहेत ते मला माहीत आहे. परंतु मुलांच्या मनातील घुबडाविषयीची भीती घालवणे हा विज्ञानाच्या तासाचा वेगळा आणि चांगला उपक्रम होईल. ग्रंथालयाच्या दारात एकाच चित्राच्या जोरावर दोन लढाया लढू नयेत.

दुसऱ्या एका सापळ्याचीही आताच सूचना देऊन ठेवतो. घुबड नको म्हटले की फ्लेक्सवाला हमखास पुस्तकातून डोके काढणारी चष्मेवाली अळी दाखवतो. इंग्रजीत तो वाचकाचा लाडिक उल्लेख असेल, पण मराठीत 'पुस्तकी किडा' हा टोमणा आहे. शिवाय ज्या कसरीसाठी आणि वाळवीसाठी आपण कपाटात डांबरगोळ्या ठेवतो, तिचेच चित्र दारावर लावायचे, हे कोणत्याही ग्रंथपालाला पटू नये.

प्राणी नंतर ठरवा, आधी त्याचे काम ठरवा. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तके वापरण्यासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवावा, आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. आपला शुभंकर यांपैकी नेमके कोणते काम करणार आहे, हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर तो केवळ फ्लेक्स आहे.

ग्रंथखिडकी | १६ जून

सर, अगदी पटले. आज सातवीच्या वर्गात सहज विचारले. भीमाशंकर जवळ असल्यामुळे बहुतेकांनी शेकरू सुचवले. ते आपल्या राज्याचे राज्यप्राणी आहे, देखणे आहे, आणि काहींनी सहलीत ते प्रत्यक्ष पाहिलेही आहे. मला कल्पना आवडली. दोन मुलांनी बिबट्या सुचवला, पण आमच्या तालुक्यातील उसाच्या शेतांची परिस्थिती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तो का नाकारला हे सांगायला नको.

मांजरा_काठ | १६ जून

शेकरू आपल्या शाळेला शोभेल, याविषयी दुमत नाही. परंतु आमच्या लातूरकडील शाळा उद्या आपले अनुकरण करतील आणि ज्या मुलांनी शेकरू फक्त सामान्यज्ञानाच्या प्रश्नात पाहिले आहे, त्यांच्या दारावरही तेच येईल. शुभंकर मुलांच्या रोजच्या नजरेतला असावा. मी आमच्या शाळेसाठी साधी खार सुचवली होती. शाळेच्या कडुनिंबावर ती रोज असते, डब्यातले सांडलेले दाणे उचलायला येते, आणि तिच्याबरोबर एक तयार गोष्टही येते. सेतू बांधताना तिने अंगाला लागलेली वाळू झटकून आपला वाटा उचलला आणि रामाने पाठीवरून बोटे फिरवली, ही कथा मुलांना घरूनच ठाऊक असते. 'खारीचा वाटा' हा शब्दप्रयोग मराठीत असताना ग्रंथालयाने दुसरीकडे कशाला पाहायचे? ज्याने एक पुस्तक वेळेवर परत केले, फाटलेले पान चिकटवले किंवा धाकट्याला एक गोष्ट वाचून दाखवली, त्याने आपला वाटा उचलला.

आमच्या शाळेत ही सूचना कागदावरच राहिली. कारणे शाळेची आहेत, येथे लिहीत नाही.

रेषाकार | १७ जून

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढतो, म्हणून थोडे माझ्या बाजूने. पहिली गोष्ट म्हणजे संगणकावरून उतरवलेले चित्र कोणाचे तरी असते. दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय पात्रे तर मुळीच घेऊ नयेत. त्यांवर स्वामित्वहक्क असतो आणि ती आपल्या ग्रंथालयाची कधीच होत नाहीत.

दुसरी गोष्ट चित्राच्या घडणीची. आपल्याकडे लोकांच्या लक्षात राहिलेले शुभंकर आठवून पाहा. एअर इंडियाचा महाराजा १९४६ पासून आहे आणि तो कमरेत वाकून स्वागत करतो. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली एशियन पेंट्ससाठी काढलेल्या गट्टूच्या हातात रंगाचा डबा आणि ब्रश आहे. रेल्वेच्या दीडशे वर्षांच्या निमित्ताने २००२ मध्ये आलेल्या भोलू हत्तीच्या हातात हिरवा कंदील आहे. प्रत्येकाच्या अंगावर त्याच्या धंद्याची खूण आहे. आपल्या प्राण्याच्या हातात नुसते उघडे पुस्तक देऊ नका, कारण ते दप्तरातही असते आणि दुकानातही असते. ग्रंथालयाची स्वतःची वस्तू द्या. वाचककार्ड द्या, तारखेचा शिक्का द्या.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. अमूलची मुलगी १९६६ पासून तीच आहे, पण तिचे बोलणे सतत नवे असते, म्हणूनच लोक फलकाकडे मान वळवून पाहतात. चेहरा बदलू नये, बोलणे बदलत राहावे. आणि त्या बोलण्यात उपदेश नको. 'वाचाल तर वाचाल' हे वाक्य राज्यातील असंख्य भिंतींवर आहे. ते वाचून कोणी कपाटाकडे वळल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

कसोटी एकच ठेवा. पाचवीतील मुलाला ते चित्र फळ्यावर खडूने एका मिनिटात काढता आले पाहिजे.

खडूफळा | १९ जून

मी गणित शिकवतो आणि उसन्या तासिकांच्या यादीत माझेही नाव निघेल, हे आधीच मान्य करून लिहितो. आतापर्यंतची सर्व चर्चा मुलांभोवती फिरते आहे, पण मुलांची वाचायला ना नसते. त्यांना खोली उघडी सापडत नाही, ही खरी अडचण आहे. ती बंद ठेवणारे आम्ही मोठे आहोत. शिक्षणहक्क कायदा २००९च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, नियतकालिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे ग्रंथालय ही शाळेची गरज आहे, हौस नव्हे. हे ज्यांना समजावून द्यायचे ते शिक्षककक्षात बसतात. तेव्हा आपली खार दारावर न लावता शिक्षककक्षाच्या सूचनाफलकावर लावा.

आणखी एक. समग्र शिक्षा योजनेतून शासकीय शाळांना ग्रंथालयासाठी शाळेच्या स्तरानुसार वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये मिळतात आणि ते पुस्तकांसाठी असतात. आपल्या शाळेचा प्रकार निराळा असेल, पण तत्त्व तेच आहे. पुस्तकांच्या पैशांतून फ्लेक्स छापू नका.

अटलांटिकपार | २० जून

माझी मुले अमेरिकेत शाळेत जातात. येथे शुभंकर बहुधा संपूर्ण शाळेचा आणि विशेषतः खेळाच्या संघाचा असतो, आणि त्याचे काम सामन्याच्या वेळी ओरडून उत्साह वाढवणे हे असते. ग्रंथालयाला तो प्रकार उपयोगी पडेल असे वाटत नाही. त्यापेक्षा येथील दुसरा एक उपक्रम कामाचा आहे. १९९९ साली सॉल्ट लेक सिटीमध्ये प्रशिक्षित कुत्र्यांना मुलांनी मोठ्याने वाचून दाखवण्याचा उपक्रम सुरू झाला आणि नंतर तो दूरवर पसरला. अडखळत वाचणाऱ्या मुलाला न हसणारा, चूक न काढणारा श्रोता मिळतो, एवढेच त्याचे मर्म आहे.

जपानमध्ये हेच कापडी खेळण्यांबाबत करतात. मुले आपले खेळणे ग्रंथालयात मुक्कामाला ठेवतात, रात्री ती खेळणी पुस्तके पाहताहेत अशी छायाचित्रे कर्मचारी काढतात, आणि सकाळी मुलांना ती दाखवतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात असे दिसले की, त्यानंतर मुले आपणहून त्या खेळण्यांना चित्रपुस्तके वाचून दाखवू लागली. मात्र तीन दिवसांत हा उत्साह ओसरला आणि पुन्हा आठवण करून द्यावी लागली. शुभंकर आणून मोकळे होणाऱ्यांनी हा तीन दिवसांचा आकडा लक्षात ठेवावा.

पाचवीची_आई | २१ जून

एक पालक म्हणून माझी एकच विनंती आहे. खारीच्या पाठीवरील पट्ट्यांवरून 'जितकी पुस्तके तितके पट्टे' असा तक्ता कृपया लावू नका. माझा मुलगा सावकाश वाचतो. मागील शाळेत ताऱ्यांचा तक्ता होता. त्याच्या नावापुढे दोन तारे आणि शेजारच्या मुलीपुढे एकोणीस. त्याने तारे मिळवण्यासाठी बारा-बारा पानांची पुस्तके आणायला सुरुवात केली आणि त्याला आवडणारे रेल्वेइंजिनांचे जाड पुस्तक परत देऊन टाकले. ते पुस्तक त्याने पुन्हा मागितले नाही.

ग्रंथखिडकी | २२ डिसेंबर

सहा महिन्यांनी या धाग्यावर परत येत आहे, त्याबद्दल क्षमस्व. आपणा सर्वांच्या सूचनांचे काय झाले ते सविस्तर सांगते.

जुलैमध्ये मतदान घेतले. शेकरू जिंकणार याची मला खात्री होती, पण सातवीतील एका मुलीने परिपाठात उठून म्हटले, "शेकरू कधी खाली उतरत नाही. मग पुस्तक द्यायला खाली कोण येणार?" या एका वाक्याने निकाल फिरला आणि खार निवडून आली. नाव ठेवले 'वाटाड्या'. खारीचा वाटा आणि वाट दाखवणारा, असा दुहेरी अर्थ मुलांनीच काढला. खार स्त्रीलिंगी असताना वाटाड्या कसा, हा मराठीच्या सरांचा आक्षेप ऐकून घेण्यात आला आणि बहुमताने फेटाळण्यात आला.

फ्लेक्स छापला नाही. आठवीच्या मुलींनी जुन्या करड्या ब्लँकेटचे अंग शिवले, आत गादीवाल्याकडून आणलेला कापूस भरला, डोळ्यांना सदऱ्याची दोन काळी बटणे लावली आणि पाठीवर पांढऱ्या नाडीचे तीन पट्टे टाकले. गळ्यात वाचककार्ड आहे. दुसऱ्याच दिवशी सहावीतील एक मुलगा प्राण्यांचे पुस्तक उघडून माझ्या टेबलापाशी आला आणि पाच पट्ट्यांचीही खार असते, मग आपली तीनच पट्ट्यांची का, असे विचारू लागला. त्या प्रश्नावर अर्धी तासिका गेली. माझ्या मते शुभंकराची सर्व मजुरी त्या अर्ध्या तासिकेत वसूल झाली.

वाटाड्या दोन कामे करतो. दर शुक्रवारी चिठ्ठी टाकून एका मुलाच्या घरी तो मुक्कामाला जातो. सोबत पिशवीत त्या मुलाने निवडलेले एक पुस्तक आणि एक वही असते. देवघेव नोंदवहीत त्याची रीतसर नोंद होते. वहीत फक्त एवढेच लिहायचे असते की, कोणी कोणाला वाचून दाखवले. तात्पर्य, आवडलेले पात्र, नवीन शब्द यांतले काहीही मागितलेले नाही, आणि तक्ताही कोठे लावलेला नाही. ऑगस्टमधील एक नोंद जशीच्या तशी देते : 'मी वाचले. आई भाकरी करत होती. तिने सांगितले मोठ्याने वाच. शेजारच्या काकू पण आल्या. मग लाईट गेली म्हणून थांबलो.' एका घरून तो कपाळावर हळदीकुंकू लावून परत आला. रामाची खार घरी आली म्हणून तिथल्या आजींनी औक्षण केले होते. हळदीचा डाग धुऊनही गेला नाही, तो राहू दिला आहे.

दुसरे काम शिक्षककक्षातले आहे आणि ते खडूफळा सरांमुळे सुचले. दर सोमवारी वाटाड्याच्या नावाने एक चिठ्ठी फलकावर लागते. तिच्यात मागणी नसते, माहिती असते. उदाहरणार्थ, 'सातवीला पुढच्या आठवड्यात भूकंप आहे. कपाट क्रमांक ३, दुसरा खण, चार पुस्तके. एकात नकाशे आहेत.' यासाठी मला सर्व विषयांची वार्षिक नियोजने मागून घ्यावी लागली आणि खरे कष्ट तिथेच पडले. पहिले तीन आठवडे कोणीही आले नाही. चौथ्या आठवड्यात भूगोलाच्या बाई स्वतः येऊन पुस्तके वर्गावर घेऊन गेल्या, आणि त्या तासानंतर मधल्या सुट्टीत नऊ मुले त्याच खणापुढे उभी होती. तासिका उसनी गेली की चिठ्ठीच्या खाली तारीख टाकून 'ही तासिका वाटाड्याची होती' एवढीच ओळ लिहिते. दिवाळीपर्यंत सात गेल्या, तीन परत आल्या. पूर्वीच्या शून्याशी तुलना करता मी समाधानी आहे.

अटलांटिकपार यांचा इशाराही खरा ठरला. तीन दिवस नाही, पण सप्टेंबर अखेरीस उत्साह उतरला होता आणि शुक्रवारच्या चिठ्ठीसाठी चार-पाचच मुले थांबू लागली होती. मग मुक्कामाला जाताना पुस्तक कोणत्या कपाटातून घ्यायचे तेही चिठ्ठीने ठरवायला सुरुवात केली. आवडीनिवडीला थोडी मुरड पडली हे मान्य, परंतु वर्षानुवर्षे कोणी न उघडलेली काही पुस्तके या निमित्ताने घराघरांत फिरली.

एक दुर्घटनाही घडली. दिवाळीच्या सुट्टीत मी वाटाड्याला खालच्या खणात ठेवून गेले. परत आल्यावर पाहते तो शेपटीचा निम्मा भाग उंदरांनी कुरतडून कापूस बाहेर काढलेला. पाचवीच्या दोन मुली रडल्या. एका मुलाच्या शिंपीकाम करणाऱ्या वडिलांनी लाल कापडाची नवी शेपटी जोडून दिली. आता तो करड्या अंगाचा आणि लाल शेपटीचा आहे, आणि मुलांचे म्हणणे असे की, शेवटी त्यात थोडा शेकरू आलाच.

पाचवीची_आई | २२ डिसेंबर

तक्ता लावला नाहीत, याबद्दल मनापासून आभार.

खडूफळा | २३ डिसेंबर

सोमवारच्या चिठ्ठीची कल्पना आमच्या शाळेत नेत आहे. आमच्या ग्रंथपालांना नियोजन देणारा पहिला शिक्षक मी असेन, आणि ऑक्टोबरमध्ये नेलेल्या दोन तासिका जानेवारीत परत करीन. हे येथे लिहिल्यामुळे आता मागे फिरता येणार नाही.

जुनी_जिल्द | २३ डिसेंबर

ताई, काम उत्तम झाले आहे. पण शेपटी कुरतडली गेली याचा अर्थ खोलीत उंदीर आहेत आणि ते कापसावर थांबणार नाहीत. खालच्या खणातील नियतकालिकांचे बांधीव खंड आजच बाहेर काढून पाहा. आधी पुठ्ठ्याची कड आणि खळ लावलेली पाठ जाते. जे दुरुस्त होण्याजोगे नसतील त्यांची यादी निर्लेखनासाठी, म्हणजे नोंदवहीतून रीतसर कमी करण्यासाठी, वेगळी करा, आणि कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून मागची फट बुजवून घ्या. विष ठेवू नका, उंदीर कपाटामागे मरून पडला तर महिनाभर वास जाणार नाही. पिंजरा लावा.

घुबडाविषयी मी जूनमध्ये काय लिहिले होते, त्याची आठवण करून देण्याचा मोह आवरतो.

ग्रंथखिडकी | २४ डिसेंबर

सर, आज सर्व खंड काढले. दोन गेले आहेत, एक दुरुस्त होण्याजोगा आहे. फट कपाट क्रमांक ४च्या मागे सापडली, गवंडी शनिवारी येणार आहे. तोपर्यंत पिंजरा लावला असून शिपाईमामांनी भिंतीकडे तोंड केलेले घुबड काढून, नीट पुसून, कपाटामागे बिळासमोर उभे केले आहे.